साजूक तुपातलं सॅन फ्रान्सिस्को

कॅस्ट्रोचा चढ, ब्राउनी मेरीचा ओव्हन आणि फ्रीमाँटमधल्या मावशीची कढई... एका वेगळ्याच ‘औषधी’ वीकेंडची गोष्ट!

फ्रीमाँटमध्ये मावशीच्या घराचं दार उघडलं आणि पहिला वास आला तो तूप कढवल्याचा. एकदम पुण्याचं घर! पण पुढच्याच सेकंदाला त्या खमंग वासाच्या मागून आणखी एक वास आला. ओल्या गवतासारखा, जरा उग्र. इंजिनीअरिंगला असताना बॉईज हॉस्टेलच्या बाजूने जाताना यायचा ना, सेम तोच!

मी बघतच राहिले. डोक्याला स्कार्फ, अंगात दादाचा जुना स्वेटशर्ट आणि हातात झारा घेऊन मावशी गॅससमोर उभी होती.

“बघतेस काय अशी? तो गॅस जरा बारीक कर.”

“ती नाही हं! ती व्हिसावर आहे!” दादा आतून ओरडला. मी दोन पावलं मागे सरकले आणि सोफ्यावर जाऊन बसले.

तीन महिन्यांसाठी सॅन होजेला ऑनसाइट गेले होते. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झालाय, केमो सुरू आहे, हे फोनवर कळलं होतं. पण फोनवर वजन दिसत नाही. नऊ किलो गेलं होतं तिचं. मळमळीवरच्या गोळ्या असूनही केमोनंतरच्या तिसऱ्या दिवशी घोटभर पाणी पोटात टिकत नव्हतं. शेवटी तिच्या डॉक्टरांनीच विषय काढला. गांजाने काही पेशंटना मळमळ कमी होते, करून बघायला हरकत नाही, फक्त मला सांगून करा. कॅलिफोर्नियात दुकानात जाऊन, ओळखपत्र दाखवून, बिल घेऊन तो विकत मिळतो. प्रश्न वेगळाच होता. मावशीची अट होती, “मी ओढणार-बिढणार नाही. या वयात खोकत बसू?”

मग ओढायचं नाही तर खायचं. आणि कोकणस्थांच्या घरात औषध खायचं म्हणजे कशातून? तुपातून!

चलो कॅस्ट्रो

पुढची केमो सोमवारी होती. शनिवारी मावशीला बरं वाटत होतं. “चल, तुला त्या बाईचा एरिया दाखवते,” म्हणाली. कुठली बाई, ते सांगेना.

बार्टने एम्बार्केडेरोला उतरलो आणि एफ लाइनची ट्राम पकडली. ही ट्राम म्हणजे भारी प्रकरण आहे. जगभरातले जुने डबे मार्केट स्ट्रीटवरून धावतात. आमच्या वाट्याला आली मिलानहून आणलेली, लाकडी बाकांची केशरी ट्राम. मावशी खिडकीशी. व्हॅन नेस अव्हेन्यू जवळ आल्यावर तिने बोट दाखवलं. “१४४४ नंबर. इथे होता तो क्लब.”

नव्वदच्या दशकात या पत्त्यावर सॅन फ्रान्सिस्को कॅनाबिस बायर्स क्लब होता. तो सुरू केला डेनिस पेरॉन नावाच्या माणसाने. त्याचा पार्टनर जोनाथन वेस्ट १९९० मध्ये एड्सने गेला. जोनाथनला मळमळीत, वेदनेत गांजाने आराम पडायचा, हे डेनिसने घरातच पाहिलं होतं. त्याने १९९१ मध्ये शहरात ‘प्रॉपोझिशन पी’ मतदानाला आणलं. गांजा औषध म्हणून मिळू द्या, एवढीच मागणी. जवळजवळ ८० टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. मग आला क्लब. डॉक्टरांचं पत्र दाखवा आणि आत या. १९९६ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या पोलिसांनी तिथे धाड टाकली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रॉपोझिशन २१५’ पास करून वैद्यकीय गांजाला परवानगी दिली. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य.

ट्राम शेवटच्या स्टॉपला थांबली. कॅस्ट्रो! हार्वे मिल्क प्लाझावरचा तो भलामोठा इंद्रधनुषी झेंडा, १९२२ सालचं कॅस्ट्रो थिएटर, आणि पुढे असा चढ की मावशीला दर पन्नास पावलांवर थांबावं लागलं. बाजूने हातात हात घालून जाणारे आजोबा-आजोबा. हार्वे मिल्कचं कॅमेऱ्याचं दुकान याच रस्त्यावर होतं. १९७७ मध्ये तो शहराच्या बोर्डावर निवडून आला, १९७८ मध्ये त्याचा खून झाला. आणि त्यानंतर तीनच वर्षांत एड्स आला.

एका कॅफेबाहेर बसलो. मावशीने आल्याचा चहा मागवला आणि त्या बाईची गोष्ट सांगितली.

ब्राउनी मेरी

मेरी जेन रॅथबन. जन्म १९२२, काम वेट्रेसचं. एकुलती एक मुलगी कार अपघातात गेलेली. ही बाई घरी गांजा घातलेल्या ब्राउनीज बनवून कॅस्ट्रोत विकायची. १९८१ मध्ये पोलीस घरात शिरले तेव्हा १८ पौंड गांजा आणि ५४ डझन ब्राउनीज सापडल्या. डझन हं! कोर्टाने शिक्षा म्हणून ५०० तासांची समाजसेवा दिली.

आणि त्या शिक्षेनेच तिचं आयुष्य बदललं. थोड्याच काळात एड्सची साथ आली. कॅस्ट्रोतली तरुण पोरं वाळून वाळून मरायला लागली. अन्नावरची वासना गेलेली, आणि औषध घेतलं तर औषधानेही मळमळ. मेरी सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या वॉर्ड ८६ मध्ये सेवा करायला लागली. पेशंटना ती ‘माझी मुलं’ म्हणायची. ब्राउनीज त्यांना फुकट. ज्या पोरांच्या पोटात काही ठरत नव्हतं, ती एक तुकडा खाऊन तासा-दोन तासांनी जेवायला मागायची.

१९९२ मध्ये तिला पुन्हा अटक झाली. वय ६९! पण आता सगळं शहर तिच्या बाजूने उभं राहिलं. त्याच वर्षी २५ ऑगस्ट हा दिवस शहराने चक्क ‘ब्राउनी मेरी डे’ म्हणून जाहीर केला. त्या प्रकरणातून ती सुटली. १९९९ मध्ये गेली.

“आजीच की गं ती,” मावशी म्हणाली. “तिला कळलं होतं, आजारी माणसाला आधी खायला घालायचं.”

अंगी कसं लागतं?

ब्राउनीत लोणी असतं, तो योगायोग नाही. गांजातला मुख्य घटक टीएचसी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. आपल्याकडे भांग दुधात घोटतात, पाकात तूप घालतात, त्यामागेही हेच. डब्ल्यू. बी. ओ’शॉनेसी या आयरिश डॉक्टरने कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात इथल्या लोकांचे उपयोग बघून प्रयोग केले आणि १८३९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकात गांजा औषध म्हणून शिरला तो या वाटेने. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ब्राउनीची पणजी आपलीच!

दुसरी गोष्ट उष्णतेची. ताज्या झाडात टीएचसी जवळपास नसतंच. त्याचं आम्लरूप असतं, टीएचसीए. त्याने अंमल चढत नाही. मंद आचेवर ते हळूहळू टीएचसी बनतं. म्हणून दादाने आधी ओव्हनमध्ये भाजलं, मग तुपात तास-दोन तास बारीक गॅसवर ठेवलं, मग फडक्यातून गाळलं. चोथा फेकला. “बेरी खायची नाही आज,” मावशीने मला बजावलं.

पण खरी गंमत पोटात गेल्यावर सुरू होते. ओढलं तर काही मिनिटांत परिणाम. खाल्लं तर आतड्यातून ते आधी यकृतात जातं आणि तिथेच बरंचसं मोडतं. तोंडाने घेतलेल्या टीएचसीपैकी साधारण ४ ते १२ टक्केच रक्तापर्यंत पोहोचतं. वर यकृत त्यातल्या काहीचं दुसरं एक रसायन बनवतं, तेही तितकंच जोरदार. म्हणून खाल्लेल्याचा परिणाम उशिरा येतो, कधी दोन तासांनीही, आणि सहा-आठ तास रेंगाळतो.

इथे तूप काय करतं? स्निग्ध जेवण झालं की पित्त सुटतं, चरबीचे बारीक कण होतात, औषध त्यांच्यावर स्वार होतं आणि त्यातलं काही यकृताला वळसा घालून लसिकेच्या वाटेने रक्तात जातं. फरक किती? गांजातल्याच सीबीडी या घटकाचं एपिडायोलेक्स हे अपस्मारावरचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. उपाशीपोटी घेण्याऐवजी भरपूर स्निग्ध जेवणासोबत घेतलं, तर अंगी लागणारं प्रमाण चौपट होतं! डोस तोच, बाटली तीच, फक्त जेवण वेगळं.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

ती बुधवारची रात्र

केमोनंतरचा तिसरा दिवस. सकाळपासून मावशीच्या पोटात काही नव्हतं. संध्याकाळी सातला तिने अर्धा चमचा तूप कोमट पाण्याबरोबर घेतलं. आठ वाजले, साडेआठ वाजले. काही नाही. “तुझ्या दादाने मेथी आणली वाटतं,” ती म्हणाली. मळमळ जरा कमी वाटली म्हणून मी खिचडी टाकली. मावशीने खिचडीवर आणखी अर्धा चमचा सोडला. नंतर साधं तूप, वरून. खाल्लं की हो तिने! पोटभर! आम्ही खूश.

सव्वानऊला ती म्हणाली, “भिंत हलतेय.”

मग पुढचे पाच तास. छातीत धडधड, तोंडाला कोरड, माझा हात इतका घट्ट धरलेला की वळ उठले. “मी परत येईन ना गं?” हे ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, कारण आधी विचारलेलं तिच्या लक्षात राहत नव्हतं. दादा फोनवर. हॉस्पिटलच्या नर्सने शांतपणे सगळं विचारून घेतलं, नाडी मोजायला लावली, एकटं सोडू नका म्हणाली, श्वास किंवा छातीचा त्रास वाटला तर ९११ लावा म्हणाली. रात्री दोनला मावशी झोपली. मी नाही झोपले.

पहाटे दादाने कागदावर हिशेब मांडला. तो हिशेब आधी कुणीच केला नव्हता. पुडीवर छापलं होतं, टीएचसी २० टक्के. ७ ग्रॅम वापरलेलं, म्हणजे जास्तीत जास्त १४०० मिलिग्रॅम. एक कप तूप म्हणजे ४८ छोटे चमचे. एका चमच्यात झाले २९ मिलिग्रॅम! कॅलिफोर्नियाच्या दुकानात खाण्याच्या पदार्थात एका वेळच्या तुकड्यात १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी घालायला बंदी आहे. नवख्या माणसाला अडीचही पुरतं. मावशीने दोन अर्धे चमचे घेतले, आणि दुसरा खिचडी-तुपासोबत.

चूक तुपाची नव्हती. तूप आपलं काम चोख करत होतं, जरा जास्तच चोख. आमचं मोजमाप चुकलं होतं.

शेवटी तिळाचं तेल

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलले. पहिली, हे मळमळीवर आहे, कॅन्सरवर नाही. कुणी तेलाने गाठ विरघळते म्हणालं तर ऐकू नका. दुसरी, घरच्या बरणीत वरच्या चमच्यात किती आणि तळाच्या चमच्यात किती, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मग त्यांनी ड्रोनॅबिनॉलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. हेच टीएचसी, प्रयोगशाळेत बनवलेलं, अडीच मिलिग्रॅम मोजून. केमोच्या मळमळीसाठी अमेरिकेत १९८५ पासून मान्य. मावशीने चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं आणि एकदम हसायला लागली. कॅप्सूलमध्ये टीएचसी कशात विरघळवलंय? तिळाच्या तेलात!

“म्हणजे वाढायची पद्धत आपलीच,” ती म्हणाली. “फक्त त्यांच्याकडे चमचा बरोबर आहे.”

बरणी दादाने फेकली. साजूक तूप टाकताना मावशीच्या जिवावर आलं, पण टाकलं. फ्रिजवर आता एक वही लटकते. तारीख, वेळ, किती घेतलं, जेवणाआधी की नंतर, पुढे काय वाटलं. मी परत निघाले त्या आठवड्यातली शेवटची नोंद मावशीच्या अक्षरात होती. ‘रात्री ८. एक कॅप्सूल. वरण-भात, लिंबू, तूप (साधं). टिकलं.’

जाणार असाल तर...

काय बघाल : एम्बार्केडेरो ते कॅस्ट्रो एफ लाइनची ट्राम, कॅस्ट्रो थिएटर, हार्वे मिल्क प्लाझा. गोल्डन गेट पार्कमधलं एड्स मेमोरियल ग्रोव्ह चुकवू नका. चढासाठी चांगले शूज हवेत.

व्हिसावर असाल तर : कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्यांना गांजा विकत घेता येतो, पण केंद्राच्या कायद्यात तो आजही नियंत्रित पदार्थ आहे. परदेशी नागरिकाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डवर त्याचा परिणाम होऊ शकतो. हात लांब ठेवा.

बॅगेत : तेल, गमी, चॉकलेट, काहीही भारतात आणू नका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली तो गुन्हा आहे.

घरात पेशंट असेल तर : डॉक्टरांना आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांशी याचं जमत नाही. ब्यूटेनसारखा ज्वालाग्राही सॉल्व्हंट वापरून घरी तेल काढणं कॅलिफोर्नियातही बेकायदा आहे. त्यात घरं पेटली आहेत. आणि ‘काहीच होत नाहीये’ म्हणून दुसरा चमचा? नाही म्हणजे नाही!