दोन सेंटिमीटर

व्हीलचेअर घेऊन पहिल्यांदा रस्त्यावर येणारा माणूस चढाला घाबरतो. मी त्याला आधी फरशीची उचललेली कड दाखवते. पुण्याच्या फुटपाथवर ती शोधावी लागत नाही. झाडाच्या मुळांनी पेव्हर ब्लॉक उचलून धरलेले असतात, केबलसाठी खणलेला चर बुजवताना मध्ये उंचवटा राहतो, चेंबरचं झाकण भोवतालच्या डांबराशी क्वचितच जुळतं. फरक असतो दीड-दोन सेंटिमीटरचा. चालणाऱ्याच्या पायाला तो कळतही नाही.

खुर्चीला कळतो, कारण तिची पुढची चाकं लहान असतात. सहा इंची चाकाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटर. ते दोन सेंटिमीटरच्या कडेला टेकून उभं असेल, तर वर चढवायला त्या चाकावर जेवढं वजन आहे जवळजवळ तेवढाच आडवा जोर लागतो. चोवीस इंची मोठ्या चाकाला त्याच कडेसाठी वजनाच्या चाळीस टक्क्यांहून थोडा कमी पुरतो. माझं आणि खुर्चीचं मिळून वजन पंचाहत्तर किलो. त्यातलं तीस किलो पुढच्या चाकांवर आलं, तर उभ्या जागेवरून ती कड ओलांडायला अठ्ठावीस किलोच्या आसपास जोर हवा. गुळगुळीत फरशीवर हीच खुर्ची चालती ठेवायला एखाद किलो पुरतो.

म्हणून शिकवायला बसले की पहिला प्रश्न खुर्चीबद्दलच असतो. दवाखान्यात मिळते ती घडीची खुर्ची दुसऱ्याने ढकलण्यासाठी घडवलेली. वजन सतरा-अठरा किलो, आणि मोठ्या चाकांचा आस पाठीच्या दांड्याच्या सरळ खाली. त्यामुळे ती मागे कलंडत नाही, पण बसणाऱ्याचा बराच भार पुढच्या चाकांवर जातो आणि हात मागे नेऊन ढकलायची रिम धरावी लागते. आस थोडा पुढे घेतला की भार मोठ्या चाकांवर येतो आणि खुर्ची एकदम हलकी वाटू लागते. बदल्यात ती मागे झुकायला तयार होते. बाहेरचा रस्ता पार करायचा तर हे झुकणं हवंच. त्याची भीती घालवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात वेळखाऊ आणि मला सगळ्यात आवडणारं काम.

बारामतीकडचा एक मुलगा शिकायला येत होता. छातीच्या पाचव्या मणक्याला इजा, हात मात्र कमावलेले. पुढची चाकं उचलायची म्हणून तो दोन्ही रिम घट्ट आवळायचा आणि अंगातलं सगळं बळ लावायचा. खुर्ची धाडकन पुढे जायची, चाकं जमिनीवरच. "ताई, जोर तर लावतोय," तो म्हणायचा. लावत होताच. मी त्याला सांगितलं, आधी खुर्ची विसावू दे. चाक म्हणजे घड्याळ समज. हात बारापेक्षा थोडे मागे, अकरावर ठेव. जराशी मागे घे, मग झटका देऊन दोनपर्यंत ने, आणि त्याच क्षणी डोकं पाठीकडे टेकव. छातीच्या खालचे स्नायू त्याच्या ताब्यात नव्हते, त्यामुळे डोक्याचं आणि खांद्यांचं वजन हेच त्याचं शिल्लक भांडवल. काही आठवड्यांनी पुढची चाकं जमिनीपासून सुटली, अगदी थोडी, आणि तो मोठ्याने हसला. मागे मी खुर्चीला बांधलेला पट्टा धरून होतेच. व्हीली, म्हणजे मोठ्या चाकांवर तोल धरणं, शिकवताना पट्टा सोडायची घाई करू नये, या मताची मी आहे.

चालत्या खुर्चीत हेच करायचं असतं, फक्त वेळ साधून. कड एक हात लांब असताना झटका, लहान चाकं हवेत, ती पलीकडे टेकली की लगेच अंग पुढे, मग मोठ्या चाकांना शेवटचा दाब. झटका लवकर दिला तर चाकं कडेआधीच खाली येतात. उशिरा दिला तर ती आदळतात, खुर्ची थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. मुरूम किंवा ओल्या वाळूत लहान चाकं रुततात. तिथे खुर्ची वळवून उलटं जावं, मोठी चाकं आधी. दिसायला विचित्र दिसतं, पण खांद्याला परवडतं.

रॅम्पबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे की तो बांधला म्हणजे काम झालं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत एकास बारा हे प्रमाण आहे, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. अशा रॅम्पवर मला सहा-सात किलोचा जोर सतत लावावा लागतो. श्रम पडतात, पण जमतं. दुकानांपुढे, एटीएमपुढे जे सिमेंटचे घसरडे तुकडे ओतलेले असतात ते एकास पाच, कधी एकास चारही. तिथे पंधरा किलोच्या पुढे जावं लागतं आणि भार आसाच्या मागे सरकून खुर्ची उलटी होऊ पाहते. अंग गुडघ्यांकडे झुकवून, आखूड आणि भराभर ढकलत चढावं लागतं, कारण हात सुटला की खुर्ची मागे येते. श्वास घ्यायलाही उसंत नाही. पावसाळ्यात रिम ओली असते, बोटं घसरतात. उतरताना तळहाताच्या घर्षणाने वेग आवरायचा, म्हणून माझ्या पिशवीत चामड्याच्या तळव्याचे हातमोजे कायम असतात.

माझ्या मते याहूनही वाईट असतो आडवा उतार, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. सोसायटीच्या गेटसमोर गाडी आत जावी म्हणून फुटपाथ रस्त्याकडे तिरपा केलेला असतो. खुर्ची आपोआप उताराकडे, म्हणजे धावत्या गाड्यांकडे वळते. सरळ जायचं तर उताराकडच्या हाताने ढकलत राहायचं आणि वरच्या हाताने अडवत राहायचं. एक खांदा दुप्पट राबतो, दुसरा ब्रेक होऊन बसतो, पाठीचा कणा एका बाजूला पिळला जातो. पन्नासला एक एवढाच आडवा कल असावा असं म्हणतात. गेटांसमोर तो त्याच्या कितीतरी पट असतो. पाठोपाठ गेटं असलेल्या रस्त्याने जाऊन आले की संध्याकाळी माझा एक खांदा वेगळ्या सुरात दुखतो. मला रस्ता न बघता सांगता येतं की गेटं कुठल्या हाताला होती.

खांदा मुळात या कामासाठी नाही. कमरेच्या सांध्याची वाटी खोल, हाडाने धरलेली. खांद्याची वाटी उथळ, आणि गोळा जागेवर ठेवतात ते भोवतालचे स्नायू. त्यांतल्या एकाचा दोर हाडाच्या कमानीखालच्या अरुंद फटीतून जातो. हात वारंवार जोराने ढकलला, वर उचलला, शरीर त्याच्यावर तोललं, की तो दोर तिथे घासतो. अमेरिकेतल्या पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या संघटनेच्या पाठबळाने २००५ साली मज्जारज्जू दुखापतीनंतर हात जपण्याविषयी डॉक्टरांसाठी सूचना निघाल्या. त्यांचा गाभा मी रोज शिकवते. कमी वेळा ढकला, कमी जोराने ढकला, प्रत्येक ढकल लांब आणि सावकाश असू द्या, आणि हात परत आणताना रिमच्या खालून सैल लोंबता येऊ द्या. रिमच्या वरून हात परत आणणाऱ्याला मी लगेच थांबवते. ज्या खांद्याने रस्ता पार करायचा त्याच खांद्याने पलंगावर, कमोडवर, रिक्षात सरकायचं असतं. तो गेला तर घरातलं स्वातंत्र्यही जातं.

तरुण मुलं प्रत्येक पायरी चढून दाखवतात. पंधरा सेंटिमीटरची पायरी वेग घेऊन चढणारे मी पाहिलेत, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण दिवसात अशी पायरी किती वेळा चढायची हे ज्याला ठरवता येतं, त्याला मी शिकलेला मानते. जवळच्या वाटेवर तीन गेटं आणि एक चर असेल, तर लांबून जाणं मला स्वस्त पडतं. एप्रिलच्या दुपारी मी बाहेरची कामं घेतच नाही, आणि वरच्या मणक्याला इजा झालेल्यांना तर सक्त मनाई करते. त्यांना इजेखाली घाम येत नाही, अंग तापत जातं.

मदत घेणं हाही याच कामाचा भाग आहे, आणि तेही शिकवावं लागतं. लोक धावत येतात, न विचारता हातदांड्याला धरून उचलतात, आणि बऱ्याच खुर्च्यांचा हातदांडा सुटा असल्याने तो उपसून हातात येतो. म्हणून आधी थांबायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि सूचना स्पष्ट, क्रमाने द्यायच्या. "दादा, मागच्या मुठी धरा. पायाने खालची नळी दाबा, पुढची चाकं उचलली जातील. ती वर टेकली की मी सांगते, मग ढकला. मी 'हं' म्हटल्याशिवाय सोडू नका." बारामतीचा तो मुलगा हे बोलायला लाजायचा. व्हीली त्याला आधी आली. हे वाक्य अनोळखी माणसाला मोठ्या आवाजात, न अडखळता म्हणायला त्याला त्याहून जास्त दिवस लागले.