घरातला जुना संगणक

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, टेबलाखाली किंवा माळ्यावर, एखादा जुना डेस्कटॉप संगणक पडून असेल. कुणी त्यावर एमएस-सीआयटीचा सराव केला, मुलांनी शाळेचे प्रकल्प केले. पुढे हाती मोबाइल आला आणि त्या यंत्रावर वर्तमानपत्रांची रद्दी चढली. ‘तो आता चालत नाही’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्याविषयी मला नेहमी शंका वाटते. पुष्कळदा तो चालत असतो. आपण त्याला सांगतो ते काम मात्र त्याच्या वयाला झेपणारे नसते. शिवाय यंत्राचे वय ठरविणारे दुसरेच कुणी असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला आणि पुरेसा नवा प्रोसेसर किंवा विशिष्ट सुरक्षा-चिप नसलेली असंख्य धडधाकट यंत्रे कालबाह्य ठरली.

आमच्या नागपूरच्या घरातील संगणक त्याहूनही जुना, विंडोज एक्सपीच्या काळातला. वडील अक्षरजुळणीचे, म्हणजे डीटीपीचे काम करीत. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, क्वचित एखादा कवितासंग्रह. फावल्या वेळात त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टंकून ठेवल्या होत्या. आजी गेली, पुढे वडीलही गेले. ओव्या उरल्या त्या एका हार्ड डिस्कवर. भावाने त्या फाइली आपल्या नव्या लॅपटॉपवर उघडल्या, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा नुसता खच पडला. त्यात एकही मराठी शब्द नव्हता.

असे का घडते, हे मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असावे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला; पण आपल्या छापखान्यांत आणि घरांत तो रुळायला बरीच वर्षे गेली. तोवर ‘शिवाजी’, ‘श्रीलिपी’ अशा फाँटांवर काम चाले. त्यांत फाइलीमध्ये साठविलेले संकेत बहुधा रोमन अक्षरांचे असत. फाँट त्यांना केवळ देवनागरीचा पेहराव चढवी. फाँट नसला की पेहराव गळून पडे. वर आमच्या वडिलांच्या सॉफ्टवेअरला एक कुलूपही होते. संगणकाच्या मागच्या, प्रिंटरसाठी असलेल्या रुंद पॅरलल पोर्टला ते लावले तरच सॉफ्टवेअर उघडे. नव्या लॅपटॉपला तसे पोर्ट नसते. म्हणजे आजीच्या ओव्या वडिलांनी टंकल्या तशा वाचू शकणारे आमच्या घरात एकच यंत्र होते, आणि ते भंगारात द्यायचे घाटत होते.

प्रथम त्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत करून घेतली. तुम्हीही सर्वांआधी हेच करावे. बाकी सर्व भाग बाजारात मिळतात, मजकूर मिळत नाही. मग डबा उघडला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ यांचा जो थर यंत्रात बसतो, तो पाहिल्यावर त्याच्या मंदपणाचे नवल वाटेनासे होते. (आमचे ऊन यंत्रांचीही परीक्षा पाहते. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदविले. तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान विभागाने पुढे स्पष्ट केले. घामाघूम नागपूरकरांचा मात्र त्या आकड्यावर चटकन विश्वास बसला होता!) ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलला. तो संपला की यंत्र प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागची तारीख दाखवते आणि मग सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रे त्या तारखेला अजून जन्मलेलीच नसतात.

रॅम २ जीबीची ४ जीबी केली आणि दुसरी डिस्क म्हणून एक लहान एसएसडी बसविली. सर्वांत मोठा फरक या एसएसडीने पडतो. पैसे मोजकेच असतील तर ते येथे खर्च करा. तिच्यावर लिनक्सची हलकी, विनामूल्य प्रणाली आणि लिबरऑफिस घातले. वडिलांची डिस्क जशीच्या तशी ठेवली. ती चालू करायची असेल तेव्हा इंटरनेटची तार काढून ठेवतो, कारण एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत. बँकेचे व्यवहार अशा प्रणालीवर कदापि करू नयेत. नव्या प्रणालीवर स्वाध्याय लिहिणे, पीडीएफ पुस्तके वाचणे, मराठी विश्वकोशातील नोंद पाहणे ही कामे विनातक्रार होतात. चलच्चित्रे अडखळतात, एकाच वेळी दहा पाने उघडली की यंत्र धापा टाकते. लिहिणाऱ्याला ही गैरसोय फारशी जाणवत नाही.

खरे काम ओव्यांचे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, परंतु तेथे लिपीच आपली परीक्षा घेते. जुन्या फाँटांत टंकलेखन यंत्राप्रमाणे पहिली वेलांटी अक्षराआधी येई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. ‘सूर्य’मधला रफार आधी ‘य’नंतर टंकला जाई, आता ‘र’ आणि हलन्त ‘य’च्या आधी हवेत. साधन येथे चुकते आणि ‘र’ भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून जुन्या डिस्कवरची प्रत छापून घेतो आणि नव्या मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहतो. त्यात वऱ्हाडी शब्दांना जपावे लागते. ओवीत ‘सांबार’ आले तर ते इडलीबरोबरचे नव्हे, ती आमच्याकडची कोथिंबीर. शब्दतपासणीला हे कळत नाही. काही वेळा सुशिक्षित नातेवाइकांनाही कळत नाही, आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या मी नम्रपणे बाजूला ठेवतो.

निम्म्याहून अधिक ओव्या अजून तपासायच्या आहेत. काही ठिकाणी वडिलांनी दोन पाठ दिले आहेत आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ते आजीला विचारायचे राहिले असावे. ती प्रश्नचिन्हे मी तशीच घेतो. नवतपाच्या दिवसांत दुपारी यंत्र बंद ठेवून पहाटे साडेचारला कामाला बसतो. त्या वेळी हवा बरी असते आणि डब्यातला पंखाही हळू फिरतो.