जास्त हळद, कमी उजेड

शिक्षक मित्रांनो, आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहितोय.

दहावीला 'कार्बनी संयुगे' शिकवताना मी एक सोपा प्रयोग दाखवतो. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद ढवळायची, वरचं पिवळं द्रावण दुसऱ्या परीक्षानळीत घ्यायचं आणि अंधारात नोटा तपासायची अतिनील टॉर्च मारायची. द्रावण हिरवट-पिवळं उजळतं. (स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवा, टॉर्च डोळ्यांवर नको.)

एका मुलीने विचारलं, "सर, जास्त हळद टाकली तर जास्त चमकेल ना?" मी न बघताच "हो" म्हटलं. तिने करून पाहिलं. उजेड फक्त काचेलगत राहिला, आत काळोख. मी म्हणालो, "तुझं काहीतरी चुकलं असेल." ती गप्प बसली.

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की चुकलो मीच होतो. दाट द्रावणात वरचा थरच सगळा प्रकाश शोषून घेतो. शिवाय रेणू फार जवळ आले की एकाने घेतलेली ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते आणि वाटेत उष्णता होऊन विरते.

हाच प्रश्न प्रकाश देणाऱ्या प्लॅस्टिकमध्येही येतो. हळदीतल्या करक्यूमिनमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक असतात. असेच बंध लांब साखळीभर असले की त्याला संयुग्मित बहुवारिक म्हणतात. त्यात इलेक्ट्रॉन साखळीवर पसरतात. पसारा लांब असेल तर प्रकाश तांबड्याकडे झुकतो. साखळीला पीळ पडून पसारा तुटला तर निळ्याकडे. 1990 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अशा एका बहुवारिकाच्या पातळ थरातून वीज सोडून पिवळसर-हिरवा प्रकाश मिळवला.

पण घन थरात साखळ्या एकमेकींवर चपट्या बसल्या की बरेचदा प्रकाश मंदावतो आणि रंगही तांबड्याकडे सरकतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ साखळीला बाजूने फांद्या जोडतात, म्हणजे दोन साखळ्यांत अंतर राहतं.

गंमत पुढे आहे. 2001 मध्ये हाँगकाँगमध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाला उलटंच दिसलं. त्यांचे रेणू द्रावणात जवळजवळ चमकत नव्हते, एकत्र गोळा झाले की उजळत होते! एकटे असताना त्यांच्यावरची वलयं फिरत राहतात आणि ऊर्जा त्यात खर्च होते. गर्दीत फिरायला जागा नसते, मग ती प्रकाश म्हणून बाहेर पडते. पुढे असे गुण असलेली बहुवारिकंही तयार झाली.

म्हणजे "जवळ आले की उजेड कमी" हाही अंतिम नियम नाही. रेणूची रचना बघावी लागते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "काल हिचं निरीक्षण बरोबर होतं, माझं उत्तर चूक." ती लगेच म्हणाली, "मग सर, त्यात अजून स्पिरिट ओतून बघू?"

आम्ही ओतलं. आतला काळोख हळूहळू उजळत गेला. पालकांनो, घरी मूल असं काही विचारेल तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका. सोबत बसून करून बघा.