फुकट ते पौष्टिक?

२००७ साल. पुण्यातली माझी पहिलीवहिली नोकरी. ऑफिसच्या लॅनवर कुणीतरी गाण्यांचा एक शेअर्ड फोल्डर करून ठेवला होता. लंच टाइम झाला की आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडायचो. हिमेश रेशमियापासून मेटॅलिकापर्यंत सगळं हजर, आणि सगळं फुकट! त्या ढिगाऱ्यात एक दिवस एक गाणं हाती लागलं. गिटार आणि एका बाईचा संथ आवाज, बस्स. ड्रम्स नाहीत, काही नाही. गाण्याचं नाव 'एव्हरीथिंग इज फ्री', गायिका गिलियन वेल्च.

दोन महिने मी ते गाणं कानात घालून लोगो काढत होते. मग एकदा शब्द नीट ऐकले आणि कानशिलं तापली. गाणं आमच्यावरच होतं की! नॅपस्टर आल्यावर लोक गाणी फुकटात उतरवून घ्यायला लागले, तेव्हा गाण्यावरच पोट असलेल्या बाईनं लिहिलेलं. पैसे मिळोत न मिळोत, गाणं काही सुटायचं नाही, असं काहीसं ती सांगते. आणि मी तेच ऐकत होते... फुकट!

मग काय, तिच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. वाटलं होतं, बाई कुठल्यातरी डोंगरातल्या खेड्यातली असणार. छे! जन्म १९६७चा, न्यूयॉर्कचा. वाढली लॉस एंजेलिसमध्ये. आईवडील टीव्ही शोसाठी संगीत लिहिणारे. बोस्टनला बर्कली कॉलेजात तिला गिटारवाला डेव्हिड रॉलिंग्ज भेटला. १९९२मध्ये ती कंट्री म्युझिकच्या पंढरीत, नॅशव्हिलला गेली. पण तिथल्या चकाचक कंट्रीशी तिचं जमणारं नव्हतं. तिची गाणी जुन्या वळणाची, उदास. १९९६मध्ये पहिला अल्बम आला, तेव्हा 'शहरातली मुलगी डोंगरातली गाणी काय गाणार?' असं म्हणणारेही निघाले. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमात ती गायली आणि त्या साउंडट्रॅकला २००२मध्ये अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं.

पण मला खरा धक्का बसला तो पुढचं वाचून. २००१मध्ये, म्हणजे गाणी फुकट व्हायला लागली नेमकं तेव्हा, या दोघांनी अकोनी रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं! 'एव्हरीथिंग इज फ्री' असलेला अल्बम त्यावरच आला. आणि २००३नंतर तिचा पुढचा अल्बम कधी? थेट २०११मध्ये! मधली आठ वर्षं दोघं लिहीत होते, पण लिहिलेलं मनासारखं उतरत नव्हतं. आमच्याकडे 'चलता है, पाठवून दे' हा कंपनीचा अलिखित नियम, आणि इथे ही बाई आठ वर्षं थांबली. थांबू शकली, कारण दुकान तिचं होतं.

अर्थात दुकान आपलं म्हटल्यावर छप्परही आपलंच. मार्च २०२०मध्ये नॅशव्हिलला टोरनॅडो आला, त्यांच्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर उडालं. रात्रीच्या काळोखात, भर पावसात दोघांनी आयुष्यभराच्या टेप्स आणि गिटार्स वाचवल्या. पुढे २०२४मध्ये 'वुडलँड' याच नावाचा अल्बम आला आणि २०२५मध्ये त्याला बेस्ट फोक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तो मी विकत घेतला. सतरा वर्षांची उधारी होती ना!

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी फ्रीलान्सिंग सुरू केलं. 'फ्री' हा शब्द नातेवाइकांनी भलताच मनावर घेतला. मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "ताई, घरगुती मोदकांचा बिझनेस काढतोय. एक लोगो करून दे ना. तुला काय, पाच मिनिटांचं काम!" त्या महिन्यात माझ्याकडे दुसरं एकही काम नव्हतं, फ्लॅटचा हप्ता तोंडावर आला होता. तोंडात 'हो' आलंच होतं. पण म्हटलं, "तुला कोटेशन पाठवते रे."

दोन दिवस सामसूम. मग कळलं, लोगो त्यानं मित्राकडून करून घेतला. फुकट. मावशी अजून माझ्याशी जरा तुटकच बोलते.

त्या रात्री ते जुनं गाणं लावलं आणि मोदकाचा लोगो काढायला बसले. पाच मिनिटं नाही, चांगले चार तास लागले. झकास झालाय, खरंच.

त्याला पाठवला मात्र नाही.