आज गप्प का?

22 एप्रिल 2018 रोजी गडचिरोली जिल्ह्यात बोरिया-कसनासूरच्या जंगलात पोलीस आणि माओवाद्यांची चकमक झाली. मृतांचा आकडा दिवसागणिक बदलत गेला, कारण पुढे इंद्रावती नदीच्या पात्रातूनही मृतदेह मिळत राहिले. मतं मात्र लगेच पक्की झाली. समाजमाध्यमांवर एकीकडे ऐतिहासिक यश, दुसरीकडे हत्याकांड. मेलेल्यांची ओळख अजून पटायची होती.

बोलणाऱ्यांत निव्वळ बडबडेच होते असं नाही. काहींनी माओवादाच्या प्रश्नावर वर्षं घातली होती. पण या माध्यमावर जाणकाराने संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही, तर लोक विचारतात, आज गप्प का? मग तो बोलतो. बोलला की त्याच्यामागे माणसं जमतात, आणि ती जमली की त्याला मागे वळणं अवघड होतं. आकडा बदलला तरी मत बदलायची सोय उरत नाही. बदललंच, तर आपले म्हणवणारेच आधी तुटून पडतात. पंडित चुकतो म्हणून वादग्रस्त होतो, हे मला पटत नाही. चुकतात सगळेच. चूक दुरुस्त करणं फार महाग झालंय, तिथे खरी गोम आहे.

वाद मोबाइलने आणले, असंही नाही. 1980च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांना बाबा आमट्यांनी विरोध केला. त्याआधीच, 1973 साली, भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला होता. ज्या जंगलाविषयी बाबा बोलत होते, तिथे त्यांचा मुलगा आणि सून दवाखाना चालवत होते. पुढे 1990 मध्ये, नर्मदेवरच्या धरणाला विरोध करण्यासाठी, ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, नंतर पद्म पुरस्कारही परत केले. गुजरातेत अनेकांनी त्यांना विकासाचा वैरी ठरवलं. (कच्छ-सौराष्ट्रातल्या तहानलेल्या गावांचा राग अगदीच पोकळ होता, असं म्हणवत नाही.) तेव्हाही शिव्या होत्या. पण भांडण धरणाच्या उंचीचं, बुडणाऱ्या जमिनीचं, पुनर्वसनाचं होतं. तपशील खोडता येत होता, खोडलेला पुन्हा मांडता येत होता. शिवाय ज्याच्याशी भांडायचं, तो माणूस नदीकाठी सापडत होता.

आज भामरागडवर बोलण्यासाठी पर्लकोटा नदी ओलांडावी लागत नाही. नाही ओलांडली म्हणून कुणाचं मत आपोआप खोटं ठरत नाही, हेही खरं. दुरून काही गोष्टी नीट दिसतात. पण दुरून बोलणाऱ्याला जवळच्याकडून दुरुस्त होता आलं पाहिजे. मोबाइल आता इथल्या पोरांच्या हातातही आहे. ताडगावकडच्या एखाद्याने प्रसिद्ध विश्लेषकाच्या पोस्टखाली लिहिलंच, की साहेब, तुम्ही म्हणता ते गाव त्या वाटेवर नाही, तर गावाचं कुणी बोलत नाही. पहिला प्रश्न येतो, तू कुणाच्या बाजूचा?