टेस्टर दोन्हीकडे लागतो

"अहो, दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय. म्हणजे करंट डबल येतोय का?" सकाळी साडेआठला सदाशिव पेठेतल्या एका आजोबांचा फोन. मिक्सर चालत नव्हता, चटणी अडली होती. म्हटलं, "आजोबा, टेस्टर खाली ठेवा, त्या बोर्डाला काही लावू नका, मी येतो." त्यावर उत्तर आलं, "या, पण एक ते चार सोडून."

माझ्या आयटीआयच्या दाखल्यावर 'तारतंत्री' असं लिहिलंय. त्या नावानं आजवर मला कुणी हाक मारलेली नाही. सगळ्यांचा मी वायरमनच. आणि भिंतीतल्या सॉकेटला लोक प्लग म्हणतात, वायरीच्या टोकाला असतो त्यालाही प्लगच. 'प्लग जळलाय' म्हणून फोन आला की कुठला ते घरी जाऊनच कळतं. जिन्यातून वर जाताना नाक उघडं ठेवायचं, ही सवय जुनी. बेकेलाइट तापलं की सडक्या मासळीसारखा वास येतो. शाकाहारी घरात तो वास आला की बाई आधी शेजारच्यांवर संशय घेतात.

आजोबांकडे वास नव्हता. ओट्यावरचा बोर्ड स्वच्छ, कुठे डाग नाही. अर्थचं भोक वर धरलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. टेस्टर उजवीकडे लागला, तो लागणारच. डावीकडेही तसाच लख्ख. मी म्हटलं, "फ्रिजची पिन काढा." काढली, आणि डावीकडचा टेस्टर विझला. आजोबा माझ्याकडे बघत राहिले.

करंट डबल वगैरे काही नसतं. न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला होता. फेज फ्रिजमध्ये शिरत होता, परतीची वाट बंद, म्हणून मोटारीच्या वेटोळ्यातून निघून तोच न्यूट्रलच्या तारेत येऊन उभा. टेस्टरला तेवढंच कळतं. वाट पुरी झाली की नाही हे त्याला कळत नाही. त्यासाठी मी पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब ठेवतो. फेज-न्यूट्रलमध्ये धरला, लागला नाही. फेज-अर्थमध्ये धरला, भक्कन पेटला. म्हणजे फेज ठीक, अर्थिंग ठीक, न्यूट्रल गेला.

पण गेला कुठे? जुन्या घरांत एका बोर्डावरून दुसऱ्यात लूप मारत नेलेलं असतं. स्वयंपाकघराचा न्यूट्रल बाहेरच्या खोलीतल्या इस्त्रीच्या बोर्डावरून आला होता. मेन बंद केला, टेस्टर दुसरीकडे चालतोय का ते आधी पाहून ठेवलं होतंच, मग बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायर काळी पडून सुटलेली, इन्सुलेशन बोटभर चुरमुऱ्यासारखं कडक झालेलं. तार ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, वर ऑक्साइडचा थर धरतं, दरवर्षी थोडं सैल होतं.

आजोबांचा प्रश्न रास्त होता: "मग एमसीबी का नाही पडला?" पेन्सिल मागून त्यांच्याच वर्तमानपत्रावर हिशेब मांडला. इस्त्री 1000 वॉटची, घरात 230 व्होल्ट. म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या आसपास. सैल जोडाचा रोध एक ओहम धरला, तर त्या एका स्क्रूवर जवळजवळ 19 वॉट उष्णता. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं. म्हणजे तसंच एक लाकडी पेटीत लपवून चालू ठेवल्यासारखं. एमसीबी जादा करंट मोजतो, इथे करंट उलट किंचित कमीच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता तरी तोही गप्प बसला असता, कारण गळती कुठेच नाही, गेलेला करंट पुरता परत येतोय.

घरच्या माणसानं काय करावं? तेच उपकरण दुसऱ्या सॉकेटात लावून पाहावं, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं. एमसीबी पडलाय का बघावं. पिन काढल्यावर हाताला गरम लागली, भोकाभोवती तपकिरी डाग दिसला, चरचर ऐकू आली, फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, की तो बोर्ड बंद करून फोन उचलावा. पिन सैल म्हणून कागदाची घडी खुपसू नये. उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी अडकवलेल्या मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिल्यात. आणि बटण बंद आहे म्हणून पाटी उघडू नये: जुन्या कामात बटण चुकून न्यूट्रलवर असतं, भोकात फेज तसाच जिवंत.

सॉकेट मी तपकीर गल्लीतून आणतो. दुकानदार चिडला तरी काउंटरवर पिन घालून बघतो. आतली पितळी पाती जाड असेल तर पिन ओढताना हाताला कळते. हलक्या मालात ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. नवं सॉकेट बसवलं, तार चांगल्या तारेपर्यंत मागे कापली, मिक्सर घरघरला.

तिथे निघायला हरकत नव्हती. पण न्यूट्रल असा जळला की मी खाली मीटरपर्यंत जाऊन येतो. जिन्याखाली बॅटरी मारली, तर मीटरच्या खालच्या टोकाशीही वायरीचं इन्सुलेशन काळवंडलेलं. तिथे सील आहे. पक्कड खिशातच ठेवली. सीलपलीकडचं काम वीज कंपनीचं; हात घालायला मला कुणी अडवणार नाही, पण तो फेज माझ्या मेनने बंद होत नाही. आजोबांना 1912 वर फोन लावायला सांगितला, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत मेन बंद ठेवायला.

"म्हणजे तुम्हालाही वायरमन लागतो तर," ते म्हणाले. मग आत जाऊन पुठ्ठा आणला आणि मेन स्विचवर सुतळीनं बांधला: 'मेन मुद्दाम बंद ठेवला आहे. चालू करू नये. का, ते वर येऊन विचारू नये.'