मूठ

आमच्याकडे अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. माती किती वाजता आहे, असं विचारतात आणि माणसं मातीला जातात. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, पेटी खाली उतरली की प्रत्येकानं एकेक मूठ माती लोटायची. मी पहिली मूठ लोटली ती आजोबांवर, सात वर्षांचा असताना. पेटीच्या फळ्यांवर ढेकळं पडल्याचा आवाज मला सोसला नाही. आजीच्या पदरात तोंड खुपसून मी रडायला लागलो. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, आपण असं रडायचं नसतं. आजी म्हणाली, “रडू द्या त्याला. लाजराच्या कबरीपाशी प्रभू बी रडला व्हता.”

आपण लाजराला उठवणार आहोत, हे येशूला ठाऊक होतं. तरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तो रडतो. मरणावरची पुष्कळ प्रवचनं मी ऐकली. त्यातली बरीचशी विसरलो, हे रडणं मात्र राहिलं.

आजीची मूठ मला आणखी एका जागी दिसते. रब्बीच्या पेरणीला चाड्यावर मूठ तीच धरायची. पाभरीमागं चालताना मुठीतून ज्वारी सुटत राहायची. बोटं आवळली तर विरळ, सैल सोडली तर दाट. ती पुटपुटत असायची. प्रार्थना की दाण्यांचा हिशेब, कोण जाणे! आमचं रान आणि ख्रिस्ती कबरस्तान यांच्यामध्ये फक्त एक बांध. दोन्हीकडं तीच काळी माती.

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल पुरलेल्या देहाला पेरलेल्या दाण्याच्या जोडीला ठेवतो. कॉलेजात असताना मला ती नुसती उपमा वाटायची. दाणा उगवलेला दिसतो. माणूस उगवलेला कुणी पाहिलाय? एकदा आजीला तसं बोलूनही दाखवलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, “पेरलंय. मपलं काम झालं. पावसाचं त्याच्याकडं.” तेव्हा मला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटली. आता वाटत नाही. पेरणाऱ्या बाईला दाणा हातातून सोडणं म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आजीबरोबर मला आणखी एक बाई आठवते. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ साली काम सुरू केलं. पुढं त्याच मिशनच्या परिसरात रेव्हरंड टिळकांची भजनं घराघरांत गेली, आमच्याही. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ज्यांना त्यांनीच लिहाय-वाचायला शिकवलं, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढं ते हाती घेतलं आणि ओवीमागून ओवी लिहीत पुरं केलं. मागं राहिलेल्या माणसानं काय करायचं, असा प्रश्न पडला की मला त्या लिहिताना दिसतात. नवरा गेलाय, पान अर्धं आहे आणि ओवी तर पुढं जायला हवी.

आई २०२१च्या एप्रिलमध्ये गेली, दुसऱ्या लाटेत. दवाखान्यातून तिला थेट शहरातल्या कबरस्तानात नेलं. अंगभर पांढरे पोशाख घातलेल्या चौघांनी तिला खाली उतरवलं आणि फावड्यांनी माती ओढली. आम्हाला फाटकाच्या आत सोडलं नाही. त्या चौघांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे; जीव धोक्यात घालून ते परक्यांच्या आईला पुरत होते. पण मी फाटकाबाहेरची मूठभर माती उचलली होती आणि ती टाकायला जागा नव्हती. तशीच रुमालात बांधून घरी आणली. वर्षभर बायबलशेजारी ठेवली. त्या वर्षी मी प्रार्थना फार कमी केली. रुमाल मात्र हलवला नाही.

२०२२च्या ईस्टरला उजाडायच्या आत मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमली. मी रुमाल सोडला. मातीचं दगडासारखं ढेकूळ झालं होतं. तळहातावर चुरडून बारीक केलं, मग आईच्या कबरीवर बोटं हळूहळू सैल केली, चाड्यावर आजी करायची तशी. मुलगी माझा हात धरून रडत होती. तिला मी रडू दिलं. मला आजीचं रान आठवलं. या दिवसांत ते नांगरून पडलेलं असतं आणि पावसाला अजून दोन महिने असतात.